लाईटआधीच्या गोळ्या

अप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. आता कॅन्सरच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, घशाच्या रुग्णांना किरणोपचार देते. आपल्याकडचे लोक त्याला अजून ‘लाईट’च म्हणतात, तुम्ही म्हणायचात तसं.

परळीचं आपलं भांड्यांचं दुकान आठवतं. थर्मल वीजकेंद्राची राख बसायची म्हणून तुम्ही रोज सकाळी एकेक तांब्या पुसायचात. लाईटचे सगळे दिवस पुरे करून आलात, मानेतली गाठ उतरली आणि दोन महिन्यांत पुन्हा वर आली. त्याच दिवसांत एका दुपारी तुमच्या सदऱ्याच्या खिशात मला जुनी तंबाखूची डबी दिसते. गिऱ्हाईक समोर उभं आहे, तरी मी ओरडते, “चोरून खाताय ना? मग गाठ कशी जाईल?” तुम्ही बसलेल्या आवाजात एवढंच म्हणता, “न्हाई माय. लई दिवस झाले सोडून.” मी डबी नालीत भिरकावते. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं, तोंड कोरडं पडायचं म्हणून तुम्ही तीत खडीसाखर ठेवायचात.

पुढे शिकताना कळलं, किरणांना पेशी मारायला प्राणवायूची साथ लागते. गाठीच्या मधोमध रक्त नीट पोचत नाही. तिथल्या गुदमरलेल्या पेशी लाईटला दाद देत नाहीत, तगून राहतात. आता त्यासाठी गोळ्या आहेत. लाईटच्या तासदीडतास आधी घेतल्या की त्या पेशींत त्या प्राणवायूचंच काम करतात. तुमच्या वेळी त्या आपल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

यंदा शिरूर कासारचे एक आजोबा आले, जन्मभर ऊस तोडलेले. लाईटआधी मी त्यांना याच गोळ्या सुरू केल्या, पण त्यांनी रोज उलटी व्हायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांची लेक वैतागून म्हणाली, “मॅडम, चोरून तंबाखू खात आसतील, म्हणून गाठ उतरंना.”

“त्यांना बोलू नका, ताई. गाठच लई चिवट हाय,” मी म्हणाले. दवाखान्यात मी अशी आपली गावाकडची बोली कधी बोलत नाही.

मी उलटीचं औषध बदललं. लेक रोज शेजारी बसून त्यांना एकेक गोळी ताकाच्या घोटाबरोबर द्यायला लागली. काल तपासलं, तर गाठ हाताला लागली नाही. ती परत येणार नाही, असं मी म्हणाले नाही. गोळ्यांनीच झालं, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. त्या लेकीनं स्वतःच्या हातानं बापाची मान चाचपली आणि हसली. मीही हसले. पण अप्पा, मला तिचा हेवा वाटला.