खालच्या तुकड्यातला कारखाना

वलवण, लोणावळा
रविवार, १८ जानेवारी

ती. मुक्ताआक्कास,

धाकट्या सुहासचा आणि शालनचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते तू सांगणार नाहीस आणि मी विचारायचा थांबणार नाही, तेव्हा ते आपलं तसंच चालू ठेवू. भुसावळला यंदा म्हणे चांगली थंडी पडली आहे. पडू दे, उन्हाळ्याआधी तेवढाच विसावा. तिसऱ्या मजल्यावर पाणी नीट चढतं का? (पाण्याचंच विचारतोय. तू कशी चढतेस ते विचारलं की फोन ठेवतेस.)

फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोस, म्हणशील. तर फोनवर मी 'आक्का' म्हणेपर्यंत तुझी चार वाक्यं बोलून झालेली असतात. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तोवर निम्मं वाचून झालेलं असतं. शिवाय दिवाळीत 'इकडे राहायला ये' म्हटलं तेव्हा तू जे बोललीस, "तिथं माझं काय राहिलंय आता? सही करून दिली तेव्हाच संपलं," ते माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा गेल्यावर तलाठ्याच्या कचेरीत तू हक्क सोडल्याची सही केलीस आणि मी शेजारी पेनाचं टोपण धरून उभा होतो. सगळ्या बहिणी करतात म्हणून तू केलीस, सगळे भाऊ घेतात म्हणून मी घेतली. त्याला सोळा वर्षं झाली. मला त्याची लाज वाटते, आक्का. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र ट्रॅक्टरबद्दल आहे.

तर मी ट्रॅक्टर घेतलाय. लगेच कपाळाला हात लावू नकोस, छोटा आहे. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जायला वापरतात तसला, नारायणगावच्या एका बागायतदाराचा जुना. पुढे माती उचलायची बादली. मागे फळी जोडली की जमीन सपाट करतो, फळी काढून गिरमिट लावलं की खांबांना खड्डे पाडतो. रिटायर झाल्यापासून घरामागे सुतारकामाचा कारखाना काढायचा माझा विचार होता. (कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली. पण रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस खोलीला खोली म्हणेल तर शपथ.) ट्रॅक्टर आला त्या दिवशी शालनने मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं. तेवढ्यात शेजारचे कोंडाजी आबा (तुला करवंदं आणून द्यायचे तेच, आता ऐंशीला टेकलेत) नारळ घेऊन हजर. म्हटलं, आबा, आमच्यात फोडत नाहीत. तर म्हणतात, "तुमच्यात न्हाई फोडत, पन ट्रॅक्टर कुनाच्यातला हाय, त्ये कुटं ठरलंय?" शेवटी नारळ न फोडता पुढच्या बादलीत ठेवला. पहिल्यांदा बादली वर उचलली तशी तो बॉनेटवरून गडगडत येऊन थेट माझ्या मांडीत बसला. संध्याकाळी शालनने त्याची चटणी केली आणि आबांच्या घरी वाटीभर पाठवली.

या ट्रॅक्टरला एक गिअर आहे, त्याच्यापुढे कासवाचं चित्र काढलंय. सशाचंही आहे, पण तिकडे मी गेलेलो नाही. कासवात टाकला की ट्रॅक्टर माणसाच्या चालीपेक्षा हळू चालतो आणि आवाज असा एका लयीत लागतो की आपोआप पापण्या जड होतात. सकाळी धरणावरून धुकं चढून आपल्या आवारात येतं. बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही, आणि आपण जमिनीवरून नाही, पाण्यावरून चाललोय असं वाटायला लागतं. मग त्या धुक्यात एकेक जण भेटतं. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं जाणारे बाबा भेटतात. दोन वेण्या घातलेली, मला पाढे चुकले म्हणून टपली मारणारी तू भेटतेस. आयुष्यभर मी सिग्नल दुरुस्त केले, म्हणजे कुठला दिवा विझला, कुठली तार तुटली, डोळा सारखा तिकडे. आता कुठे डोळ्यांना सुट्टी मिळाली आहे. शालन म्हणते, तुम्ही ट्रॅक्टर चालवत नाही, ट्रॅक्टरच तुम्हाला फिरवून आणतो. तिचं खरं असावं, कारण एकदा असाच फिरून आलो तर बादलीला आबांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी अडकलेली होती आणि तिच्यावर दोन बंड्या आणि एक धोतर झेंड्यासारखं फडकत होतं. आबा उघडेच मागून चालत येत होते. हाका मारून मारून घसा बसला म्हणे.

पण खरी वरात निघाली ती चाफ्याची. बाबा रुळांच्या गँगमध्ये होते तेव्हाच्या आपल्या जुन्या गँग-क्वार्टर पाडायला काढल्यात. तुला सांगितलं नव्हतं, वाईट वाटलं असतं. पुढच्या अंगणातला पांढरा चाफा, ज्याच्या खाली बसून तू मला अभ्यासाला धरायचीस, तोही जाणार होता. तिथल्या साहेबांची परवानगी काढली, मुळाशी मातीचा गड्डा ठेवून तो बादलीत उभा केला, दोरीनं आवळला आणि कासवात टाकून निघालो. पानं झडलेली, पण दोन फांद्यांच्या शेंड्याला फुलं होती, आणि ती वाटभर एकेक करून माझ्या अंगावर पडत होती. धुकं इतकं की रस्ता नव्हताच, नुसता चाफा होता. माझं म्हणशील तर मी सातवीत होतो. मागे वळून पाहायचं सुचलं नाही. आपल्या फाटकातून आत आलो, इंजिन बंद केलं, तर मागून धडाधड गाड्यांची दारं वाजली. तीन गाड्या! मुंबईची मंडळी, धुक्यात वाट चुकलेली. फुलांचं झाड घेऊन कोणी पुढे चाललंय म्हणजे रिसॉर्टचंच स्वागत असणार, असं समजून बिचारे तासभर माझ्यामागे रांगत आले होते. एका बाईंनी शालनला चेक-इन कुठे करायचं ते विचारलं. शालनने अकरा माणसांना चहा पाजला. त्यातल्या एका गृहस्थांनी कारखान्याच्या अर्धवट भिंतींतून धरणाचं पाणी पाहिलं आणि हीच खोली द्या म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, ती आधीच दिली आहे. (कोणाला, ते इतक्यात विचारू नकोस.)

आता गुन्ह्याकडे येतो, तो चाफ्याच्याही आधीचा. बाबांनी सांगून ठेवलं होतं की वरचा तुकडा सुहासचा, खालचा मुक्ताचा. मध्ये त्यांनी चुना लावलेल्या दगडांची रांग घातली होती, रुळाच्या कडेला असते तशी. कागदावर सही झाली, पण दगड मी हलवले नाहीत. दर दसऱ्याला, आपल्या धम्मचक्राच्या दिवशी, त्यांना चुना लावतो. खालच्या तुकड्यात सोळा वर्षांत गवताशिवाय काही उगवू दिलं नाही. तर कारखान्यासाठी मला वरचा तुकडा सपाट करायचा होता. मी तंद्रीत जातो हे मला ठाऊक, म्हणून रेल्वेच्या शिस्तीने बंदोबस्त केला. आबांना लाल फडकं देऊन दगडांपाशी उभं केलं. ट्रॅक्टर रांगेजवळ आला की फडकं हलवायचं, मी थांबणार. पण त्या दिवशी गारठा असा की आबांनी फडकं कानाला बांधलं आणि विडी पेटवून धुक्यात बसले. मी कासवात, डोळे अर्धे मिटलेले. आणि नेमकी समोर शालनची हिरवी साडी वाळत घातलेली. वाऱ्यावर अशी सावकाश हलत होती, ये ये म्हणत. आक्का, छत्तीस वर्षांची सवय! लाल दिसत नाही, हिरवं दिसतंय, म्हणजे लाइन मोकळी. गेलो की मी सरळ. दगडांची रांग फळीखाली कधी आली कळलंच नाही. धुकं निवळलं तेव्हा तुझा अख्खा तुकडा कॅरमच्या बोर्डासारखा सपाट झालेला होता आणि वरचा जसाच्या तसा, खाचखळग्यांचा. आबा उठून बघायला आले आणि म्हणाले, "लय झ्याक केलं. पन हे कुनाचं केलंस, बाबा?"

झालं ते झालं. एवढी सपाट जमीन वाया घालवायची का? म्हणून कारखाना तिथेच उभा केला, तुझ्या तुकड्यात, तुला न विचारता. कायद्याने जमीन माझी आहे म्हणतात. मला विचारशील तर मी अतिक्रमण केलंय आणि म्हणून माफी मागतोय. कारखाना झालाय मात्र चांगला. धरणाच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली आहे, सुतारकामाला उजेड लागतो. दाराला पायरी नाही, नुसता उतार आहे, ट्रॅक्टर आत घेता यावा म्हणून. (दार अडीच फुटी झालं आणि ट्रॅक्टर आत जात नाही, ही गोष्ट वेगळी.) आतच बाथरूम आहे, खुर्चीसारखा कमोड बसवला आहे, काम टाकून माणूस कुठे घरात धावणार? भिंतीला धरायला दांडी आहे. ती कशासाठी ते मला आत्ता आठवत नाही. खिडकीसमोर चाफा लावलाय. फाटकापासून दारापर्यंत ट्रॅक्टरने सपाट वाट काढून दोन्ही कडेला ते चुन्याचे दगड पुन्हा बसवले. शालन येऊन सगळं बघून गेली आणि म्हणाली, रंधा कुठे ठेवणार? ते अजून ठरायचं आहे.

तेव्हा अतिक्रमण पोटात घाल. रागावलीस तर पत्राने रागव, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

तुझा धाकटा,
सुहास

ता. क. : एक काम आहे. कारखान्यात एक ओटा बांधायचाय, लाकूड कापायला. जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंत किती इंच भरतात ते मोजून कळव. तुझंच माप का, असं विचारू नकोस, माझं मोजताना टेप हलतो. चपला घालून मोज. गवंडी पुढच्या रविवारी येतोय.

ता. क. २ : शालनने पत्र वाचलं. मला लिहायला लावते आहे की तिच्याकडे हिरवी साडी नाही, कधीच नव्हती. कोंडाजी आबाही तिथेच बसलेत, ते म्हणतात, "फडकं कानाला बांदा, असं ह्योच मला म्हनला व्हता." दोघं एक झाल्यावर माझं काय चालणार? बरं बाई, त्या वेळी मी जागा होतो. दगड मी हातानेच उचलून बाजूला ठेवले होते.

ता. क. ३ : पाकिटात दुसरा कागद आहे तो फाडू नकोस. खालच्या तुकड्याचं बक्षीसपत्र आहे, तुझ्या नावाचं. या खेपेला सही माझी आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीत तुला यावंच लागेल. टोपण धरून तू उभी राहा. आणि ते माप चपला काढून घे. चपला कारखान्यात लागतात, स्वतःच्या घरात कोण घालतं?