कडेला उघडी पेटी

सर, आज ऑफिसात एका मुलीनं कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन दाखवलं आणि मी तिला विचारलं, "हे वापरणारा उभा कुठं असेल?" बोलून गेल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न तुमचा.

परळच्या मशीन ड्रॉइंगच्या वर्गात तुम्ही पहिल्या महायुद्धातली एक हलकी मशीनगन फळ्यावर काढली होतीत. फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्यात तुमची उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे हात कुठं थांबला नाही. एका माणसानं उचलून पळावं इतकी हलकी. खाली गोळ्यांची अर्धगोल पेटी, आणि तिची एक बाजू उघडी. "उघडी का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून. "शाब्बास. मग ती ऐन वेळी का अडकायची?" उत्तर तुम्हीच दिलंत. "खंदकात चिखल होता. डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर नव्हता." मग माझ्याकडे वळून, माझ्या ड्रॉइंगमध्ये मी पंपाच्या झाकणाला दिलेल्या खिडकीवर तुम्ही लाल फुली मारलीत. "हुशारी दाखवायला भोकं पाडू नकोस." आठवडाभर तुमचा राग होता मला.

पुढे लालबागच्या एका कारखान्यात लागले. पहिलंच काम मासळीसाठी बर्फ फोडायच्या यंत्राचं. मालक म्हणाले, बाजू उघडी ठेव, आत बर्फ किती ते दिसू दे. मी माहीमला जाऊन कोळणींच्या शेजारी सकाळभर उभी राहिले. ओले हात, घाई, वाकलं की खांद्यावरून सुटणारा पदर. आणि त्याच उंचीवर माझ्या यंत्राचे दाते फिरणार. परत येऊन सांगितलं, मी या ड्रॉइंगवर सही करणार नाही. "नोकरीला आलीयस की भाषण द्यायला?" मालक ओरडले. घरी माझ्याच पगारावर चूल होती. तरी सही केली नाही. आठ दिवस ड्रॉइंग तसंच पडून राहिलं. नवव्या दिवशी म्हणाले, "कर बाई ती बाजू बंद." वर्षभरानं माहीमला गेले तर एक कोळीण यंत्रावर हात ठेवून म्हणाली, "बाय, ह्यात पदर जात नाय बघ."

तेव्हा तुमची फार आठवण आली. हे पत्र आता कुठल्याच पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी कारखान्यात परतून कोळिणीचं बोलणं सांगितल्यावर मालकांनी खूश होऊन विचारलं होतं, "हे सुचलं कुठून तुला?" मी म्हणाले, "सहज." तेव्हा तुम्ही हयात होतात, सर. दादरलाच राहत होतात.