जीप उभी राहता कामा नये

लिहून ठेवणार: हन्ना यशया उजागरे, वय ७४ वर्षे, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार जामखेड, जिल्हा अहिल्यानगर.

हे मृत्युपत्र मी कुणाच्या दबावाखाली, कुणाच्या लाडीगोडीने किंवा औषधाच्या गुंगीत लिहीत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत गेले आणि मग त्यांचा रक्तदाब मोजला. तो माझ्यापेक्षा जास्त निघाला.

वकिलांनी असंही सांगितलं की, ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केलं, तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. माझे पती यशया बारा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. तेव्हापासून मला मागणी आलेली नाही, आणि आलीच तर त्या गृहस्थाला घाटात गिअर बदलता येतो का, ते मी आधी पाहीन.

कलम १. जामखेडचं दोन खोल्यांचं घर माझ्या नोकरीच्या पगारातून बांधलेलं आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. आम्हाला मूल झालं नाही. यशयांच्या धाकट्या भावाची मुलं, जस्टिन आणि एंजल, यांनाच आम्ही आपलं मानलं. घर एंजलला द्यावं. ती शाळेत शिकवते, भाड्याच्या खोलीत राहते, आणि माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दोन महिने बिनपगारी रजा काढून माझ्या उशाशी राहिली. घरामागचं पत्र्याचं शेड मात्र जीपसाठी आहे. जीप तिथे येते-जाते तोवर एंजलने शेडला स्वतःचं कुलूप लावू नये.

कलम २. बँकेतली ठेव दोघा भावंडांनी सारखी वाटून घ्यावी. जस्टिनवर माझा राग आहे, पण रागाला मी बँकेत पाठवत नाही.

कलम ३. यशयांचं पवित्र शास्त्र जस्टिनला द्यावं. त्यात आमच्या तीन पिढ्यांच्या जन्म-मरणाच्या नोंदी आहेत. नीतिसूत्रांच्या पानांत मी एक खूण घालून ठेवली आहे. ती कोणत्या वचनावर आहे हे त्याने एकट्याने वाचावं, बायकोसमोर नको.

कलम ४. माझी १९६८ सालची पेट्रोल जीप, चारही चाकं ओढणारी, सगळ्या हत्यारांसह, कु. रुपाली अमृत सानप हिला द्यावी.

रुपाली माझ्या नात्यातली नाही. तिचे आजोबा सहादेव सानप हे आमच्या दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर होते. आठवड्यातून चार दिवस आम्ही दोघं खेड्यापाड्यांत जात असू. ते चालवत आणि मी लसी टोचत असे. मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. "सिस्टर, मला लकवा झाला तर गाडी कोन आननार? शिका तुमी," असं म्हणाले आणि माळावर गाडीतून उतरून सरळ बाभळीखाली जाऊन बसले. रुपाली आज जनावरांना लस देण्याचं काम करते. तिच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या वस्त्यांवर मोटारसायकल जात नाही. ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत जाते. जीप कुणाला द्यावी यावर मला एक मिनिटसुद्धा विचार करावा लागला नाही.

जस्टिनला हे पटलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात तो शिर्डीच्या एका हॉटेलमालकाला घेऊन आला. त्या गृहस्थांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "दारात उभी करू. बॉनेटमध्ये फुलझाडं लावू. लोक फोटो काढतील. इंजिन तेवढं काढून टाकू, म्हणजे टाइल्सवर ऑइल गळणार न्हाई."

मी त्यांना चहा दिला नाही. आमच्या घरातून बिनचहाचा गेलेला हा पहिला पाहुणा.

ते गेल्यावर जस्टिन म्हणाला, "काकू, घरची वस्तू परक्याच्या दारात कशाला? शेळ्या-मेंढ्यांच्या डॉक्टरणीला काय करायचीय जीप? तिला तर गाडीतलं काही कळतही नाही."

जे कळत नाही ते शिकता येतं, बाळा. मलाही कळत नव्हतं. म्हणून पुढचं कलम.

कलम ५. दर रविवारी कुणी ना कुणी शेडपाशी थांबतं आणि विचारतं, "सिस्टर, आमालाबी अशी जुनी जीप घ्यायचीय, काय बघायचं?" आजवर मी तोंडी सांगत आले. आता या कलमाची झेरॉक्स काढून शेडच्या दाराला चिकटवावी.

आधी माझी चूक सांगते. १९९५ साली दवाखान्याने खेड्यांच्या फेऱ्या बंद केल्या. मी म्हटलं, तुम्ही बंद करा, मी जाते. तेव्हा बेलापूरच्या चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पंच, इमॅन्युएल यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जीप विकाऊ असल्याचं कळलं. सहादेव आणि मी एसटीने गेलो. अंगणात हिरवीगार रंगवलेली जीप उभी होती. चर्चचे पाळकसाहेब येऊन बसले होते, दहा-बारा माणसं गीतांची पुस्तकं घेऊन तयार होती. आमच्यात नवी वस्तू घेतली की समर्पणाची प्रार्थना होते. घर असो, गाय असो, शिवणयंत्र असो. पण ती घेतल्यावर होते. इमॅन्युएल म्हणाले, "सिस्टर, आधी प्रभूच्या हाती देऊ, मग बघणं-बिघणं होईल."

सहादेव गाडीखाली जायला वाकले होते. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना उभं केलं, कारण पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले होते. आमेन झालं, चहा झाला. ज्या गाडीवर एवढी सुंदर प्रार्थना झाली, तिच्याखाली आता बॅटरी घेऊन शिरणं म्हणजे पाळकसाहेबांवर शंका घेणं, असं मला वाटलं. मी न पाहता जीप घेतली.

तिसऱ्या आठवड्यात खर्ड्याच्या बाजूला एका ओढ्यात चाक दगडावरून उतरलं आणि बॉनेटची कडी सुटली. ती पुन्हा बसेना, जणू गाडीच मधून वाकली होती. सहादेव खाली शिरले. चॅसीवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरचा, चिखल त्यांनी हाताने पुसला. मग पाय तसेच बाहेर ठेवून म्हणाले, "सिस्टर, ही येक गाडी न्हाई. ह्या दोन गाड्या हायेत."

पुढचा अर्धा भाग एका जीपचा, मागचा दुसरीचा, मध्ये कच्चं वेल्डिंग आणि वरून रंग. कागदावरचा नंबर पुढच्या अर्ध्याशी जुळत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी जीप घेऊन तडक बेलापूरला गेले. इमॅन्युएल ओसरीवर बसूनच म्हणाले, "समर्पण झालेली वस्तू परत कशी घेऊ? देवाचा अपमान व्हायचा." मला संताप आला होता. पण त्यांच्या दारात रडायचं नाही एवढं भान होतं. नगरच्या एका वेल्डरकडे कुजका भाग कापून टाकला, दोन्ही अंगांना पुढून मागपर्यंत जाड पट्ट्या बसवल्या. ती जोडणी तीस वर्षांत सुटलेली नाही. त्या जीपमधून मी पाच अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या आणि दोघींची सुटका रस्त्यातच केली.

म्हणून पहिल्यांदा जीप घेणाऱ्यांनो, प्रार्थना नंतर. नारळ फोडणार असाल तर नारळही नंतर. आधी अंगावर जुने कपडे घालून गाडीखाली जा. देवाला बॅटरीचा उजेड खुपत नाही. न बघता आमेन म्हणणारा भाविक नसतो, आळशी असतो. मी होते.

गाडीखालचा रंग वरच्या रंगापेक्षा ताजा दिसला तर मागे फिरा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठणठणीत वाजला पाहिजे. चॅसीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि तो छाप आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा, मालक कितीही म्हणाला "आमच्यावर इश्वास न्हाई का?" तरी. विश्वास आहे, म्हणून तर कागदावर घेतोय, असं सांगा. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली आहे. चहा प्या, ती थंड होऊ द्या आणि मग तुमच्यासमोर चालू करायला सांगा. खरं दुखणं सकाळच्या पहिल्या खोकल्यात कळतं, हे मी नर्स म्हणून सांगते.

चारही चाकं ओढतात की नाही हे डांबरावर कळत नाही. गाडी नदीच्या वाळूत न्या. मालक नको म्हणाला की उत्तर मिळालं. सुटे भाग कुठे मिळतात आणि तुमच्या गावात त्या गाडीला हात लावणारा मिस्त्री आहे का, हे गाडी घेण्याआधी विचारा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्याला ती जीप नको आहे असा माणूस बरोबर न्या. हौशी मित्र नेऊ नका. दोघंही हेडलाइटच्या प्रेमात पडाल.

आणि घेतलीत तर चालवा. उभी गाडी कुजते. टायर चिरतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो, उंदीर वायरिंग खातात. हौस म्हणून झाकून ठेवायची असेल तर फोटो घ्या, भिंतीला लावा आणि गाडी गरजवंताला द्या.

कलम ६. कापून काढलेला चॅसीचा हातभर तुकडा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. तो इमॅन्युएल यांना द्यावा. ते आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून पहिल्या बाकावर बसतात. ते माझ्याआधी गेले तर तुकडा त्यांच्या मुलाला द्यावा. मी त्यांना क्षमा केलेली आहे आणि ती मनापासून केली आहे. पण क्षमा केली म्हणजे वस्तू त्यांची नाही असं होत नाही.

कलम ७. माझ्या मौतीला जीप आणू नये. दफनभूमीपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे. भाषणं तीनपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांत कुणीही मला "शांत स्वभावाच्या" म्हणू नये.

कलम ८. हे कलम आज, सहीच्या दिवशी, हाताने लिहून वाढवत आहे.

मागच्या महिन्यात जस्टिनने वकिलांना फोन करून सांगितलं की, काकूने जीप परक्या पोरीला दिली तर तो मृत्युपत्राला हरकत घेणार आणि काकूचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं कोर्टात म्हणणार. वकील म्हणाले, "सिस्टर, शेवटी तो हरेल. पण निकालाला दहा-बारा वर्षं लागतील, आणि तोवर जीप जिथे असेल तिथे उभी राहील."

हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची वाटली नव्हती एवढी. मी जस्टिनला फोन करून विचारलं, "बाळा, तू खरंच असं करशील?" तो म्हणाला, "काकू, तुमच्या माघारी काय व्हायचं ते होईल."

मग माझ्या समोरच होऊ दे, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात मी स्वतः आरटीओत गेले आणि जीप रुपालीला बक्षीस देऊन मालकी बदलण्याच्या कागदांवर सह्या केल्या. काल तिच्या नावाचं आरसी बुक आलं. आज इथे सहीला मी तिच्याच जीपमधून आले, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. तिने दोनदा चुकीचा गिअर टाकला आणि मी एकदाही बोलले नाही. ते सोपं नव्हतं.

तेव्हा कलम ४ मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे आणि रेघेवर सही करत आहे. वकील म्हणाले, सगळं नव्याने टाइप करू. मी नको म्हटलं, कारण खोडलेलं जस्टिनला वाचता आलं पाहिजे. ज्या वस्तूवरून भांडायचं ती या मृत्युपत्रात उरलेलीच नाही. बाकीच्यासाठी त्याने माझ्या मरणाची वाट पाहावी. रुपालीला उद्या सकाळी सहा वाजता नायगावच्या वस्तीवर जायचं आहे, तिला वाट पाहायला वेळ नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी एंजलने करावी. वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचलं, चष्मा लावून.

सही: हन्ना यशया उजागरे

आमच्या समोर हन्ना सिस्टर यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, हे त्यांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं आहे.

साक्षीदार:
१. गोरक्षनाथ भानुदास राळेभात, टायर-पंक्चर दुकान, जामखेड (सही)
२. छबूबाई नामदेव डोंगरे, निवृत्त दाई, जामखेड (डाव्या अंगठ्याची निशाणी)

ठिकाण: जामखेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५