पायाळूची लाथ

सोमवार, ६ जानेवारी

उलटं आहे! डोकं वर, पाय खाली. आठवा सरत आला तरी स्वारी पोटात उभीच! भिवंडीच्या डॉक्टरबाई सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "फिरलं तर छान. नाहीतर सिझर."

मी हसले. मनात म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही. निम्मं अंजूर कमळ सुईणीच्या हातावर जन्मलंय. इथे गोदामं नव्हती, रिक्षा नव्हत्या, तेव्हा खाडीपलीकडूनही त्यांना बोलावणं यायचं. पोटावर नुसता हात फिरवून बाळ कसं बसलंय ते सांगायच्या. दीपेशचं स्थळ आलं तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या आईचंच मला जास्त अप्रूप! पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरचे वळ गावी बोलवत होते. मी गेले नाही. घरात सुईण असताना जायचं कशाला? नाव दवाखान्यात घातलंय, पण पोटावर हात आईंचाच हवा.

मंगळवार, ७ जानेवारी

बाळ फिरवायला आई नाही म्हणाल्या. सरळ नाही!

"मना न्हाय जमायचा. डॉक्टरीण सांगल तसा कर."

चुलत सासरे काळूराम काका ओट्यावर होते. म्हणाले, "वयनी, गावाची पोरा फिरवलीस, आन् सुनेला न्हाय?"

आईंनी तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं. "खडे तू वेच." आणि उठून आत गेल्या.

शुक्रवार, १० जानेवारी

रुसले आहे. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात, ती मीच!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. रुसवा गेला – न जाऊन सांगतो कुणाला!

सखी म्हणून अकलोलीकडच्या पाड्यावरची एक बाई इथल्या गोदामात कामाला येते. तिला गेटपाशीच कळा सुरू झाल्या. बायका धावत आल्या – "कमळआजीला बोलवा!" आई तशाच निघाल्या. मी मागोमाग. सखीच्या पाठीशी बसल्या, तिला छातीशी टेकवून घेतलं आणि कानाशी बोलायला लागल्या. "वरड, वरड. लाज कसली? आता सास सोड... जोर न्हाय लावायचा... शानी माझी." आक्रोश करणारी बाई हळूहळू त्यांच्या तालावर श्वास घ्यायला लागली! तशीच तिला रिक्षात घेऊन गेल्या. दवाखान्यात पोचली आणि मोकळी झाली. मुलगा!

रिक्षावाला मनोज सगळ्यांना सांगत सुटलाय, "आजीनं हात पण नाय लावला. नुसती बोलून बोलून पोचवली!"

काय बाई आहे ही! मी तिळगूळ घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. गोड बोलायची पाळी माझीच होती. साखरेचा आजार आहे त्यांना, तरी अर्धा लाडू खाल्ला. म्हणाल्या, "पोटातला पोर आपल्या मनाचा असते. उभा ऱ्हाते तर ऱ्हाऊ दे. मी हाय."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुलगी!!

सिझरच झालं. टाके दुखतात, हसता येत नाही. आणि दीपेश नेमका हसवतो. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "आजी, आधी पायच हाताला लागले." आईंनी त्यांना हात जोडले. "तुझ्या हाताला यश हाय, बाय." डॉक्टरबाई म्हणे चक्क लाजल्या. स्वतः एवढी नावाजलेली सुईण, पण दुसरीच्या हाताचं कौतुक किती मोकळं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दारात रांग! पायाळूची लाथ लागली की धरलेली कंबर सुटते ना – अख्ख्या आळीच्या कमरा एकदम धरल्यात. काळूराम काका तर सकाळीच ओट्यावर पालथे पडले.

नणंद पूर्वीने काडी टाकली. "पोट कापून काढलेली पायाळू कशी?" झालं, वाद पेटला. न्याय आईंकडे गेला.

"आधी पाय भायेर आला तो पायाळू. दरवाजा कुठला का असंना!"

खलास. काकांना लाथ बसली. उठून ताठ चालत गेले. (नाटक असेल. पण चालले.)

मालिश मात्र आई पूर्वीला करायला लावतात. तेल कोमट झालं का, तेही तिनेच बघायचं. स्वतः शेजारी बसून सांगतात, "शिका आता तुमी."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी डोळे मिटून पडले होते, आईंना वाटलं झोप लागली. त्या बाळापाशी बसल्या, तशी मी डोळे किलकिले केले. तिचं पाऊल उचलून आपल्या तळव्यावर ठेवलं.

"मार गो, मार. साखरेनं बोटा मेली माझी, काय कळत न्हाय. कुनाला सांगितला न्हाय. तू पोटात व्हतीस तवा हात लावला न्हाय म्हनून तुझी आय रुसली. हात आंधळा झाल्यावर कसा लावू गो?"

आणि मी या हातांवर रुसले होते! रडू आवरेना, उशीचं टोक तोंडात धरलं.

पोरीने सणसणीत लाथ मारली. आई तळव्याकडे बघत थांबल्या. मग दुसरा हात पुढे केला.