सीमेपलीकडे न नेलेली बंदूक

प्रति,
मा. अतिरिक्त उपायुक्त,
शस्त्र परवाना शाखा, तोबुवांग.

विषय : ठासणीची बंदूक सीमेपलीकडे नेण्याच्या परवानगीचा अर्ज मागे घेणे, व त्याच बंदुकीबाबत माझ्यावर गुन्हा नोंदवणे.

संदर्भ : माझे अर्ज दि. ११ मार्च व ६ मे. आपल्या कार्यालयाचे पत्र दि. ४ नोव्हेंबर २०१९.

महोदय,

मी, नगामवांग कोन्याक, वय ५८, राहणार न्याहलो, खालीलप्रमाणे सादर करतो.

माझ्या नावे एका ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. ती वडिलांची. माझा धाकटा भाऊ चिंगमाक सीमेच्या खांबाखाली पाऊण तासाच्या उतारावर, म्यानमारच्या बाजूला राहत असे. वडिलांनी मरताना सांगितले होते की बंदूक नगामवांगच्या घरी राहील, पण कणसे भरली की पीक कापेपर्यंत चिंगमाककडे जाईल. त्याच्या शेताला जंगल लागून आहे. जनावर मारण्यासाठी नव्हे, बार काढला की अस्वल मागे फिरते म्हणून. बावीस वर्षे ती अशी गेली आणि आली.

या फेब्रुवारीत आपल्या शाखेतर्फे गावात कायद्याची सभा झाली. साहेबांनी सांगितले की शिकारीचे हत्यार खांबापलीकडे गेले की ती निर्यात, परत आले की आयात, आणि इथला परवाना तिकडे चालत नाही. दुभाष्याने आमच्या बोलीत सोपे केले, "जाताना एक गुन्हा, येताना दुसरा. तिकडे सापडलात तर तिसरा." म्हातारा फेजिन उठून म्हणाला, "साहेब, डुकराला इकडून गोळी घातली अन् ते तिकडे जाऊन पडलं, तर निर्यात कुणी केली, मी का डुकरानं?" सगळे हसले. साहेबांनी लेखी विचारावे असे सांगितले. मी हसलो नाही. माझी सून सरकारी शाळेत शिकवते. घरात गुन्हा नको असे मला वाटले.

म्हणून ११ मार्चला अर्ज केला. फॉर्म नेमबाजीच्या स्पर्धेला परदेशी जाणाऱ्यांचा होता. 'प्रस्थानाचा विमानतळ' या रकान्यात मी 'पायवाट' असे लिहिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. लिपिक म्हणाले, "काका, दिमापूर लिहा. कोण बघतंय?" ६ मेच्या अर्जात मी दिमापूर लिहिले. मग विमानाच्या तिकिटाची प्रत मागण्यात आली. ती मी देऊ शकलो नाही. त्यानंतर काही कळले नाही.

ऑगस्टच्या शेवटी चिंगमाक वर आला. चुलीपाशी बसून काळा चहा प्यायला आणि म्हणाला, "दादा, बंदूक दे. अस्वल रोज उतरतंय." मी म्हणालो, "परवानगी येऊ दे." तो म्हणाला, "अस्वलाला आली का?" मी त्याला सभेत वाटलेला कागद दाखवला. त्याला वाचता येत नसे, तरी त्याने तो उलटून पालटून पाहिला. मग म्हणाला, "तू माझा भाऊ आहेस का साहेबाचा?" मी त्याला पत्र्याचे तीन डबे दिले, वाजवायला. ते घेऊन तो गेला. उतारावर डब्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

९ सप्टेंबरला सकाळी त्याची बायको यानलेम वर आली. तिच्या हातात डबा होता, चेपलेला. ती म्हणाली, "वाजवत होता. वाजवतच होता."

त्या दिवशी मी भिंतीवरची बंदूक काढली आणि परवानगी नसताना खांबापलीकडे नेली. आमच्यात पुरताना एक बार काढतात. तो मी काढला. चौथ्या दिवशी बंदूक घेऊन परत आलो. चौकीवरच्या जवानाने बंदूक पाहिली आणि विचारले, "कोण गेलं, काका?" मी सांगितले. तो म्हणाला, "जा घरी." त्याने वहीत काही लिहिले नाही. त्याचा दोष नाही.

आता आपले ४ नोव्हेंबरचे पत्र मिळाले. त्यात, 'ज्यास हत्यार वापरावयास द्यायचे त्या व्यक्तीने दोन फोटोंसह समक्ष हजर राहावे' असे म्हटले आहे. तो हजर राहू शकत नाही. फोटोही नाही, त्याने कधी काढला नव्हता. म्हणून परवानगीचा अर्ज मी मागे घेत आहे.

यानलेमने कापणी एकटीने केली. ती मला काही म्हणत नाही. जेवायला वाढते. मी जेवतो. झोपही लागते. हे अर्जात लिहायचे असते की नाही मला माहीत नाही.

सबब विनंती की, दि. ९ सप्टेंबरची निर्यात आणि १२ सप्टेंबरची आयात, असे दोन गुन्हे माझ्यावर नोंदवावेत. सभेत सांगितली तेवढी शिक्षा द्यावी. मी वकील करणार नाही. बंदूक या अर्जासोबत जमा करीत आहे, पोच नको.

आणि चौकशीअंती आपले मत असे झाले की भावाच्या शेतावर बंदूक नेणे हा मुळात गुन्हाच नव्हता, आमच्यासारख्यांना कुणी अडवले नसते, तर ते कृपया मला लेखी कळवू नये. तोंडीही कळवू नये.

सोबत : परवान्याची प्रत, सभेत वाटलेला कागद.

आपले सांगणे ऐकलेला,
नगामवांग कोन्याक
न्याहलो, दि. १४ नोव्हेंबर २०१९