गंगूबाईच्या विहिरीचा दावा

अकोला, ६ फेब्रुवारी १९३९
आजही बाररूममध्ये शिरले आणि बोलणं थांबलं. दहा-बारा वकील, सगळे एकदम वर्तमानपत्रात. अण्णासाहेब तेवढे म्हणाले, "या बाई, चहा घ्या." नेहमीच्याच आवाजात. त्यांच्या हाताखाली वकिलीला लागून मला वर्ष होत आलं. कधी उपकार केल्यासारखं वागले नाहीत. खोलीवर आल्यावर मात्र दिवसभरात तेवढंच एक वाक्य आठवायला असतं.

८ फेब्रु.
गंगूबाई माळीण आली. नवरा वारल्यापासून दीर सामाईक विहिरीवर मोट लावू देत नाही. वांगी, मेथी उभी वाळताहेत. माझ्याकडे पाहिलंच नाही तिनं. अण्णासाहेबांना म्हणाली, "साहेब, तुमीच उभे राहा. बाईमाणसाचं जज्ज ऐकन काय?"
"दावा बाई चालवतीन. मी बाजूले बसतो. नसन पटत तर दुसरा वकील पाहा."
बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. मग माझ्या टेबलाशी आली. "लेकरं हायेत बाई मले." एवढंच.
जेवण गेलं नाही.

१५ फेब्रु.
मनाईहुकुमाचा अर्ज चालला. दिराचे वकील इंगळे. उठताच म्हणाले, "वकीलबाईंनी कधी मोट हाकलेली दिसत नाही." हशा. सबजज्जही हसले. मी अण्णासाहेबांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. पण उठलेही नाहीत.
म्हटलं, "मोट इंगळेसाहेबांनीही हाकली नसेल. हाकणारी माझ्या मागं उभी आहे. तिला फक्त तिची पाण्याची पाळी हवी." मग सुचत गेलं.
हुकूम मिळाला. निकाल लागेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस पाणी गंगूबाईचं. तिनं माझा हात धरला, सोडेचना.
संध्याकाळी राहवलं नाही. अ.सा.ना विचारलं, तुम्ही का उठला नाहीत?
"मी उठलो असतो तर इंगळे मलेच उत्तर देत राह्यला असता. तुमी उभ्या आहा, हे त्याले कधी समजलं असतं?" मग म्हणाले, "राग मलेही आला. खुर्ची धरून बसलो होतो."
माझा राग तरी गेला नाही. उद्या जाईल.

१९ फेब्रु., रविवार
अमरावतीला जाऊन आले. आई म्हणाली, तिथं बोलायला कोण आहे तुला? म्हटलं, पुष्कळ आहेत. येताना बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसले. बायकांच्या डब्यात एकीनं विचारलं, कुणाकडे चाललात? काय सांगावं…

३ मार्च
अ.सा. नागपूरला चालले. हायकोर्टात काम करणार, मुलीकडे राहणार. कचेरी माझ्यावर सोपवताहेत.
"गंगूबाईचा दावा?"
"तो तुमचाच होता, बाई."
पुष्कळ बोलायचं होतं. "बरं" म्हटलं.

१० मार्च
स्टेशनवर सगळा बार आलेला. हार, फोटो. मी मागं, एकटी. जावं की नाही याचाच सकाळपासून विचार. अ.सा. खिडकीशी आले, गर्दीवरून मोठ्यानं म्हणाले, "बाई, तारीख केव्हाची?"
"बावीस."
सगळ्यांनी वळून पाहिलं. गाडी सुटली.

२२ मार्च
साक्षी सुरू. दीर उलटतपासणीत घसरला, पुन्हा सावरला. पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. निकाल काय लागेल, सांगता येत नाही. गंगूबाईनं दोनदा दरवाज्याकडे पाहिलं. "साहेब नाही येत आता?"
"नाही."
"बरं."
बाररूममध्ये इंगळे एकदम म्हणाले, "बाई, माझ्याकडे विहिरीचाच आणखी एक दावा आलाय. वाटणीत विहिरीचा उल्लेखच नाही. तुमचं मत काय?" थट्टा की खरंच, चेहऱ्यावरून कळेना. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फेटा सारखा केला आणि निघून गेले.
जे सांगितलं ते बरोबर होतं का, हे विचारायला आता इथं कुणी नाही.