कडूबा बुवांची समाधी आणि पिवळी गोळी

श्री. उकंडराव साडूभाऊंना अमडापूरहून कडूबाचा रामराम. आपण, मनकर्णाताई आणि आपलं मेडिकल दुकान, तिघंही खुशाल असाल. आमची खुशाली विचारू नका. विचारलीत तर राग येईल, आणि नाही विचारलीत तरी तो आलेलाच आहे.

सोयाबीन काढणी लागली की थ्रेशरच्या धुरळ्यानं माझं नाक सुटतं, हे आपल्याला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. (अंतरपाटाआड मी कसा शिंकत होतो, हे आपण अजून पाहुण्यांना करून दाखवता.) यंदा सप्ताहातलं शेवटचं भजन माझ्याकडे, त्यात नव्या अभंगाला महिनाभर खपून मी स्वतः चाल लावलेली. म्हणून मुद्दाम डॉक्टरांना दाखवलं. मी गाणारा माणूस आहे हे ऐकून त्यांनी झोप न आणणारी गोळी लिहून दिली. ती घ्यायला तुमच्या दुकानात आलो, तर तुम्ही चिठ्ठीकडे बघितलंत न बघितलंत, आणि म्हणालात, "घ्या ना पिवळी, सारखीच हाय!" साडूभाऊ, म्हैस आणि रेडा लांबून सारखेच दिसतात, धार काढायला बसलं की कळतं.

भजनाआधी एक घेतली. मला न सांगता शालूनं (तुमचीच मेहुणी, त्यामुळे औषधाचं ज्ञान उपजतच) दुसरी चहात विरघळवून पाजली. मंडपात शिरताना प्रत्येकानं मला बुक्का लावला. तो कपाळाला थोडा आणि नाकात फार जातो, पण बुवानं नको म्हणायचं नसतं. शिंक आली नाही, हे कबूल. झोप आली! पहिला चरण गायलो, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं आणि माझी मान खाली गेली. आमच्या मंडळाचा नियम असा, की बुवा पुढचा चरण घेत नाहीत तोवर ध्रुपद सोडायचं नाही. त्या शहाण्यांनी सोडलं नाही. एकच ओळ, तोंडाला फेस येईपर्यंत! शेवटी पखवाजवाला तुळशीराम ओरडला, "बुवाची समाधी लागली बे!" झालं, सगळा गाव रांगेनं पाया पडला. मी जागा झालो तो आरतीच्या घंटेनं, आणि मांडीवर नारळ.

माझं डोकं का फिरलं सांगतो. गळ्यासाठी मी लोणचं सोडलं, ताक सोडलं, जन्मभर जागेपणी गायलो, तेव्हा "बुवा, बरं झालं" असंही कोणी म्हटलं नाही. घोरलो तर पाय धरले! आणि माझी चाल पहिल्या चरणातच राहिली. मुकाट्यानं चिठ्ठीवरची गोळी पाठवा, नाहीतर दिवाळीला आमच्या दारात दिसू नका.

आपला,
कडूबा

ता. क. बीबी गावच्या भजनी मंडळाचं बोलावणं आलं आहे. म्हणाले, "गाणं थोडकंच चालन बुवा, पण समाधी लागली पाह्यजे." नाही म्हणवलं नाही. तेव्हा पिवळीच पाठवा.

आणखी एक ता. क. शालूनं पत्र वाचलं. म्हणाली, "मले तं रोज चुलीपाशी ऐकवता ते चाल. लोकाईले काऊन झोपून दाखवता?" तेव्हा पिवळी नको. डॉक्टरांचीच पाठवा, आणि स्वतः बीबीला येऊन पुढं बसा. बुक्का घेऊन कोणी आला तर त्याचा हात धरा. माझे डोळे मिटले तर पाया पडू नका, चांगला कचकचून चिमटा काढा. मला दुसरा चरण गायचा आहे.